देह, अभ्यास आणि नेम : बेने इस्राएल धर्मजीवनातील आत्मोन्नतीची कल्पना

मराठी धर्मवाङ्मयात आत्मोन्नतीचा विचार प्रामुख्याने मनाच्या अंगाने झालेला आहे. देहाला त्यात स्थान नाही असे नव्हे. नरदेह हे साधन आहे, ते दुर्लभ आहे, ही जाणीव संतवाङ्मयात सर्वत्र आढळते आणि समर्थ रामदासांनी तर बलोपासनेला उपासनेचाच दर्जा दिला. तथापि पुढील काळात पोथी एकीकडे आणि आखाडा दुसरीकडे अशी वाटणी होत गेली. पोथी वाचणाऱ्याने जोर-बैठका काढाव्यात असा दंडक राहिला नाही, आणि तालमीत घुमणाऱ्याने ग्रंथ उघडावा अशी अपेक्षाही उरली नाही. या वाटणीचा विचार करताना मराठी भाषिक अभ्यासकांच्या नजरेतून सहसा निसटणारा एक समाज आहे. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेला, मराठी हीच मातृभाषा असलेला बेने इस्राएल, म्हणजे यहुदी, समाज. धर्मग्रंथाचे अध्ययन आणि शरीराची निगा यांचा संबंध या समाजाच्या इतिहासात ज्या क्रमाने आलेला दिसतो, तो क्रम मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाने मुद्दाम लक्षात घेण्यासारखा आहे.

प्रथम मूळ यहुदी परंपरेत या संबंधाचे स्वरूप काय आहे ते पाहणे आवश्यक ठरते.

यहुदी परंपरेत अध्ययन हीच मुळी उपासना आहे. तोरा वाचणे, तिच्यावरील मिश्ना आणि तल्मूद यांची चर्चा करणे हे केवळ ज्ञानार्जन नव्हे, ते धर्मकर्तव्य आहे. परंतु त्याच तल्मुदात पित्याची कर्तव्ये सांगताना पुत्राला तोरा शिकवावी आणि एखादा धंदा शिकवावा, असे सांगून झाल्यावर काही आचार्यांच्या मते त्याला पोहायलाही शिकवावे, अशी भर घातलेली आहे. मिद्राश या व्याख्यानवाङ्मयात हिल्लेल या आचार्याची एक कथा येते. शिष्यांचा निरोप घेऊन तो निघतो तेव्हा ते विचारतात, गुरुजी, कोठे निघालात? धर्मकृत्य करायला, असे तो सांगतो. कोणते धर्मकृत्य, असे विचारता तो म्हणतो, स्नानगृहात जातो आहे. राजाचे पुतळे घासूनपुसून स्वच्छ ठेवणाऱ्याला त्या कामाचे वेतन आणि मानही मिळतो. मग ईश्वराच्या प्रतिमेनुसार घडलेल्या देहाची निगा राखणे हे धर्मकृत्य का नव्हे, असा त्याचा युक्तिवाद आहे. येथे देह हे आत्म्याचे बंदीगृह नाही, आणि केवळ वाहनही नाही. तो सांभाळायला दिलेली ठेव आहे.

या विचाराची शास्त्रशुद्ध मांडणी मैमोनिडीस (११३८–१२०४) याने केली. तो धर्मशास्त्रकार होता तसाच कैरोच्या राजदरबारातील वैद्यही होता. त्याच्या 'मिश्ने तोरा' या संहितेत स्वभाव आणि शील यांवरचे एक प्रकरण आहे. राग, लोभ, गर्व, कृपणता यांचा विचार करता करता त्याच प्रकरणाच्या चौथ्या अध्यायात तो आहार, झोप, स्नान आणि व्यायाम यांच्या नियमांकडे वळतो. भूक लागल्याशिवाय जेवू नये. जेवणापूर्वी अंग तापेपर्यंत श्रम करावेत, मग शरीर शांत झाल्यावर बसावे. पोट तीन चतुर्थांशच भरावे. आयुर्वेदाचा परिचय असलेल्या वाचकाला हे अपरिचित वाटणार नाही. वाग्भटानेही जठराचे दोन भाग अन्नाला, एक पेयाला आणि एक वायूसाठी मोकळा ठेवावा असे म्हटले आहे, आणि व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे बंधन घातले आहे. साम्य लक्षणीय आहेच, परंतु खरे महत्त्व फरकाला आहे. वाग्भटाचा नियम वैद्यकाच्या ग्रंथात आहे. मैमोनिडीसचा नियम शीलाच्या प्रकरणात आहे. आजारी देहाला ईश्वराचे ज्ञान घेणे अशक्य होते, म्हणून अतिखाणे हा त्याच्या दृष्टीने रागीटपणाच्याच जातीचा दोष ठरतो. रागाची चिकित्साही तो वैद्याच्या रीतीने सांगतो. एका टोकाला गेलेल्याने काही काळ दुसऱ्या टोकाचे आचरण करावे, म्हणजे तो मध्यावर येईल. गर्व आणि क्रोध यांच्या बाबतीत मात्र मध्य त्याला मान्य नाही. तेथे टोकाचीच नम्रता हवी.

याच परंपरेतून पुढे एकोणिसाव्या शतकात पूर्व युरोपात 'मुसार' नावाची चळवळ उभी राहिली. १८०८ मध्ये मेनाखेम मेंडेल लेफिन याने आत्म्याचा हिशेब या अर्थाच्या नावाचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. तेरा गुण निवडायचे, एकेक आठवडा एकेका गुणावर लक्ष ठेवायचे, रोजच्या चुकांची तक्त्यात नोंद करायची आणि वर्षातून चार फेऱ्या पूर्ण करायच्या, अशी त्यातील पद्धत आहे. तिची प्रेरणा अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनची होती, ही गोष्ट गमतीची वाटली तरी खरी आहे. इस्राएल सालांतेर (१८१०–१८८३) या आचार्याने ही पद्धत यहुदी पाठशाळांत रुजवली. सालांतेरचा आग्रह असा की नीतीचे वाचन मुकाट्याने करू नये. ते मोठ्याने, सुरात, पुन्हापुन्हा करावे. बुद्धीला पटलेली गोष्ट अंगवळणी पडण्यासाठी आवृत्ती लागते. जिभेला, कानाला, श्वासाला सवय लावावी लागते, हे त्याने ओळखले होते.

येथे शब्दांकडे थोडे बारकाईने पाहावे. 'मुसार' या हिब्रू शब्दाच्या अर्थात शिस्त, शासन आणि बोध हे तिन्ही आहेत. गुणाला 'मिद्दा' म्हणतात, त्याचा मूळ अर्थ माप. म्हणजे गुण ही प्रमाणाची गोष्ट आहे. मराठीत 'मर्यादा' हा शब्द ज्या जागी उभा आहे, त्याच्या जवळची ही जागा आहे. 'मिश्ना' हा शब्द पुन्हा करणे या अर्थाच्या धातूपासून आला. मराठीतील 'अभ्यास' या शब्दातही आवृत्तीचाच अर्थ आहे आणि तो विद्यार्थ्याला व मल्लाला सारखाच लागू पडतो. 'तल्मूद' म्हणजे शिकणे. अरबीतून आलेल्या 'तालीम' या शब्दाचा अर्थही शिकवणे असाच आहे. दोन्हींचे धातू वेगळे आहेत, त्यांचा व्युत्पत्तीचा संबंध जोडण्याचा मोह टाळलेला बरा. पण अर्थाचा प्रवास बोलका आहे. मराठीने शिकवण्याचा शब्द उचलला आणि तो लाल मातीच्या हौद्याला दिला. मराठी वापराला शिक्षण प्रथम शरीरात होते हे कोठेतरी ठाऊक होते, असे म्हटल्यास ते फारसे धाडसाचे ठरू नये.

आता बेने इस्राएलांकडे वळता येईल.

अलिबागजवळील नवगाव येथे जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्या काही कुटुंबांपासून आपला समाज वाढला, अशी या समाजाची परंपरागत समजूत आहे. तारखेचा वाद येथे अप्रस्तुत आहे. महत्त्वाचे हे की, अठराव्या शतकापर्यंत या समाजाजवळ तोरेची गुंडाळी नव्हती, धर्मगुरू नव्हता, हिब्रूचे वाचन नव्हते. 'शेमा' या एकेश्वरनिष्ठेच्या प्रार्थनेचे आरंभीचे शब्द तेवढे मुखी होते. आणि तरीही धर्म होता. सुंता होती. खवले आणि पर असलेलेच मासे खाण्याचा नियम होता. दाविद राहाबी नावाच्या पाहुण्याने स्त्रियांपुढे मिश्र मासे ठेवले आणि त्यांनी नेमके ग्राह्य मासे वेगळे काढले, त्यावरून त्याची खात्री पटली, अशी आख्यायिका सांगितली जाते. शनिवारी घाणा बंद असे. त्यावरून गावोगाव त्यांना 'शनवार तेली' हे नाव पडले.

या समाजाच्या सणांची जुनी मराठी नावे हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. यहुदी नववर्षाला 'नव्याचा सण' म्हणत. प्रायश्चित्ताच्या महादिवसाला 'दारफाळणीचा सण', कारण त्या दिवशी दारे लावून, उपवास धरून घरात राहायचे. जेरुसलेमच्या मंदिरविनाशाच्या शोकदिनाला 'बिरड्याचा रोजा', कारण उपवास बिरड्यावर सुटत असे. एक 'खिरीचा सण' होता, एक 'शिळा सण' होता. हिब्रू नावे विसरली गेली. इतिहासाची कथाही काही ठिकाणी पुसट झाली. पण कोणत्या दिवशी तोंड बंद ठेवायचे आणि कोणत्या दिवशी काय शिजवायचे, हे विसरले गेले नाही. स्मृती ग्रंथात नव्हे, तर चुलीपाशी आणि पोटात साठवलेली होती. 'रोजा' हा शब्द मुसलमान शेजाऱ्यांचा, 'सण' आणि 'बिरडे' हिंदू शेजाऱ्यांचे, आणि त्यांनी धरून ठेवलेली तिथी मात्र जेरुसलेमची. भाषिक सरमिसळीचे इतके नेटके उदाहरण मराठीत विरळा आढळेल. एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचा मलिदा करण्याची प्रथा आजही चालू आहे.

शनिवारच्या विश्रांतीचा मुद्दा जरा अधिक थांबून पाहण्यासारखा आहे. साब्बाथ म्हणजे आजच्या अर्थाने सुटी नव्हे. श्रम करणाऱ्या देहाला, नोकराला आणि जनावरालाही त्या दिवशी कामापासून सोडवण्याची ती आज्ञा आहे. घाण्याचा बैल शनिवारी उभा राही, यात संपूर्ण आज्ञेचे आचरण झालेले होते. पुढे गिरणी, रेल्वे आणि सरकारी कचेऱ्यांत नोकरी धरल्यावर शनिवार पाळणे अनेकांना अवघड झाले. मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली, ती मागताना रविवार हा खंडोबाचा वार असल्याचे कारणही पुढे केले गेले होते. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारची साप्ताहिक सुटी रूढ झाली, ती मात्र विजेच्या भाराचे नियोजन म्हणून. पुढे चाकणपर्यंत पसरलेल्या या पट्ट्यात तीन पाळ्यांत काम करणाऱ्या माणसाचे जेवण, झोप आणि व्यायाम यंत्राच्या वेळापत्रकाला बांधलेले असतात. मैमोनिडीसच्या चौथ्या अध्यायातील एकूण एक नियम अशा माणसाला कठीण जावा. शनवार तेल्याचा वार घाण्याने ठरवला नव्हता; वाराने घाणा थांबवला होता. विश्रांतीचा दिवस कोण ठरवतो, या प्रश्नाला आत्मोन्नतीच्या विचारात वाटते त्याहून मोठे स्थान आहे.

देहाने पाळलेल्या या धर्माकडे ग्रंथ उशिरा आला, आणि तो अनेक वाटांनी आला. कोचीनचे यहुदी शिक्षक आले. १७९६ मध्ये कंपनीच्या फौजेतील अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत पहिले प्रार्थनामंदिर बांधले. समाज त्याला 'मशीद' म्हणे, आणि मशीद बंदर या नावाचा संबंध त्याच्याशी जोडला जातो. पहिले प्रार्थनागृह एका सैनिकाने बांधावे, हे या समाजाच्या घडणीशी सुसंगतच होते. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या शाळा आल्या. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण सिद्ध केले. हेतू धर्मांतराचा होता. परिणाम उलटा झाला. बेने इस्राएलांनी हिब्रू शिकून घेतली आणि ते आपल्याच धर्माचे ग्रंथ वाचू लागले. मराठी गद्याच्या जडणघडणीत मिशनऱ्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना या उलट्या फळाचा उल्लेख क्वचितच होतो.

यानंतरचे मोठे नाव जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांचे. मुंबईच्या डेव्हिड ससून संस्थेच्या शाळेचे मुख्याध्यापक असलेल्या राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे सातत्याने केली. वल्हांडणाच्या रात्री वाचायचा 'हग्गादा' हा ग्रंथ हिब्रू-मराठी रूपात १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात छापला गेला. पुण्याची प्रत शिळाछापाची आणि सचित्र आहे, आणि तिच्यात बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया साडी नेसलेल्या आहेत. हग्गादा हे वाचनाचे पुस्तक असूनही ते नुसते वाचता येत नाही. कधी पेला उचलायचा, कधी हात धुवायचे, कधी कडू पाला खायचा, कधी रेलून बसायचे, हे त्यातच सांगितलेले असते. गुलामगिरीची आठवण जिभेवर कडवटपणा आणून करून द्यायची, ही त्याची रीत. जो समाज 'बिरड्याचा रोजा' या नावाने शोक पाळत आला, त्याला हा ग्रंथ परका वाटण्याचे कारणच नव्हते. ग्रंथाने त्याला नवा आचार दिला त्यापेक्षा जुन्या आचाराचे नाव आणि कारण परत दिले, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

कीर्तनाचा स्वीकार हा या वाटचालीतील सर्वांत मराठी टप्पा. १८८० मध्ये 'कीर्तनोत्तेजक इस्राएल मंडळ' स्थापन झाले. बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि दाविद हाईम दिवेकर यांची नावे या उपक्रमाशी निगडित आहेत. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे ओवी, अभंग, साकी, दिंडी यांत बांधून टाळ-मृदंगाच्या साथीने सांगितली जाऊ लागली. नारदीय कीर्तनाचा पूर्वरंग-उत्तररंगाचा साचा घेऊन त्यात मूर्तिपूजेला वाव नसलेली कथा बसवणे हे सोपे काम नव्हते. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. कीर्तन उभे राहून, देहाने करायचे असते. सालांतेर लिथुआनियात नीतीचे पाठ सुरात मोठ्याने म्हणायला सांगत होता, त्याच शतकात मुंबईत त्याची वार्ताही नसलेले यहुदी तोरेचा बोध चालीवर म्हणत होते. प्रभावाचा प्रश्न येथे संभवत नाही. परंपरेची आंतरिक गरज मात्र दोन्हीकडे एकच दिसते.

शरीरसामर्थ्याचा जो आधुनिक आग्रह यहुदी जगात निर्माण झाला, तो याच सुमारास. १८९८ च्या बाझेल येथील झायोनिस्ट परिषदेत माक्स नोर्डाव याने स्नायूंच्या यहुदीधर्माची घोषणा केली. पाठशाळेत वाकून बसलेल्या यहुद्याने पुन्हा छाती काढून चालावे, असा तिचा आशय. त्यातून निघालेल्या क्रीडासंस्थांनी मक्काबी वीरांचे नाव घेतले. हेच मक्काबी इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकात जेरुसलेममध्ये ग्रीक व्यायामशाळा उभी राहिल्यानंतरच्या संघर्षात पुढे आले होते, हा विरोधाभास त्या घोषणेच्या उत्साहात झाकला गेला. बेने इस्राएलांना मक्काबींचा हनुक्का हा सण जुन्या काळी ठाऊकच नव्हता. तेल गाळणारा, शेती करणारा आणि पुढे मुंबई लष्करात पिढ्यान्‌पिढ्या शिपाई, हवालदार, सुभेदार म्हणून राबणारा हा समाज. त्याच्यापुढे छाती काढण्याचा उपदेश अनाठायीच होता. त्याला उणीव होती ती पुस्तकाची, स्नायूंची नव्हे.

पिंपरीत या विषयाशी जोडलेले एक नाव रोज हजारो लोकांच्या डोळ्यांखालून जाते. हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाचा एक घटक तेथे आहे; घोड्यांच्या रक्तापासून प्रतिविषे तयार करण्याचे काम तेथे चालत आले आहे. ज्याचे हे नाव तो वाल्देमार हाफकिन (१८६०–१९३०) ओडेसात जन्मलेला यहुदी होता. मुंबईत प्लेगवरील लस सिद्ध केल्यावर १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष त्याच्यावर आला आणि तो दूर व्हायला १९०७ साल उजाडले. उत्तरायुष्यात हा जंतुशास्त्रज्ञ कर्मठ धर्माचरणाकडे वळला. १९१६ मध्ये त्याने परंपरानिष्ठ आचाराची बाजू मांडणारा निबंध लिहिला आणि १९२९ मध्ये पूर्व युरोपातील यहुदी पाठशाळांसाठी आपली संपत्ती देऊन निधी स्थापन केला. सामान्यतः याकडे विज्ञानाकडून श्रद्धेकडे झालेले संक्रमण म्हणून पाहिले जाते. परंतु हिल्लेलच्या कथेच्या प्रकाशात पाहिले तर यात संक्रमण फारसे नाही. देह जपणे आणि अध्ययन जपणे ही एकाच कर्तव्याची दोन कामे त्याने आयुष्याच्या दोन भागांत केली.

या सर्व विवेचनात एक प्रश्न गुंतलेला आहे, आणि तो केवळ वाङ्मयीन नाही. ग्रंथाविना जपलेला धर्म हा धर्म म्हणून कोणत्या दर्जाचा? मिशनऱ्यांनी बेने इस्राएलांना अज्ञ मानले. मुंबईत आलेल्या बगदादी यहुद्यांपैकी अनेकांनी त्यांच्या शुद्धतेविषयी शंका घेतली. १९४८ नंतर हा समाज मोठ्या संख्येने इस्राएलला गेला, आणि तेथेही मुख्य धर्मपीठाने विवाहाच्या बाबतीत त्यांच्या वंशपरंपरेची चौकशी करण्याचे निर्देश काढले. शनवार तेल्यांच्या वंशजांना आपण यहुदी आहोत हे सिद्ध करण्यासाठी जेरुसलेमच्या रस्त्यावर निदर्शने करावी लागली. १९६४ मध्ये तेथील संसदेने समान हक्कांची स्पष्ट भूमिका घेतल्यावर तो प्रश्न निवळला. पिढ्यान्‌पिढ्या मासा पारखून खाणाऱ्या आणि घाणा थांबवणाऱ्या लोकांकडे अखेर कागद मागितला गेला. ज्या परंपरेचा आचार्य स्नानाला धर्मकृत्य म्हणत होता, तिच्याच पीठाने देहाची साक्ष अपुरी ठरवावी, हा या इतिहासातील सर्वांत कटू भाग होय.

मराठी वाङ्मयेतिहासाचे वर्तनही यापेक्षा फार निराळे राहिलेले नाही. बेने इस्राएलांच्या मराठी लेखनाची दखल घेतली गेली ती बहुधा भाषांतरित धर्मवाङ्मय या सदरात, तीही ओझरती. छापील ग्रंथ मोजले गेले. सणांची नावे, मलिद्याचा विधी, कीर्तनाची तोंडी परंपरा आणि घरोघर म्हटली जाणारी स्त्रियांची गाणी मोजली गेली नाहीत. हैम सॅम्युएल केहिमकर यांनी समाजाचा इतिहास १८९७ च्या सुमारास लिहून पूर्ण केला; तो छापून निघाला १९३७ मध्ये, तेल अवीव येथे, आणि इंग्रजीत. त्यातील बराचसा तपशील मूळ मराठी बोलीतून इंग्रजीत गेलेला आहे. तो पुन्हा मराठीत आणण्याचे, आणि इस्राएलमधील वृद्ध कीर्तनकार स्त्रियांच्या तोंडी जे अजून शिल्लक आहे ते नोंदवून घेण्याचे काम करायचे तर त्याला अवधी थोडा आहे. पुण्याच्या रास्ता पेठेत १९२१ मध्ये उभारलेले सुक्कथ शेलोमो हे प्रार्थनामंदिर पिंपरीहून रेल्वेने आणि थोड्या पायी चालण्याने गाठता येते.